स्पर्शाने विटाळणारं पाणी

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेतली कटारा नुसत्या हातवाऱ्यांनी पाणी वळवते. शक्ती जन्मजात, पण तिच्या जगात तहानलेल्याच्या जन्मामुळे पाणी विटाळत नाही. आपल्याकडे मात्र जन्माने पाणी विटाळण्याची जादू खरी मानली गेली. १४ एप्रिल १८९१ला महूच्या छावणीत, ‘अस्पृश्य’ ठरवलेल्या जातीत जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून, मंत्र म्हणून तळं ‘शुद्ध’ केलं. गुरंढोरं तिथे आधीपासून पीतच होती! इतकी क्रूर कल्पना मी कुठल्याही अद्भुतकथेत वाचलेली नाही. हा मंत्र उतरवायला दहा वर्षं लागली: १७ मार्च १९३७ला तळ्याच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात सनातनी हरले.