विश्लेषण : शस्त्रक्रिया यशस्वी, पण गुडघा का वाकत नाही?

ऋषभ पंतच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ भीषण अपघात झाला. गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली ती पुढच्याच महिन्यात. मैदानावर मात्र तो परतला मार्च २०२४ मध्ये. मधल्या वर्षभराहून अधिक काळात त्याला उभे केले ते बंगळूरुच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतील रोजच्या व्यायामाने. सामान्य रुग्णाच्या वाट्याला मात्र घरी जाताना बहुधा एक छापील कागद येतो.

शस्त्रक्रियेनंतर व्यायाम कशासाठी?

सर्जन हाड जोडतो, सांधा बदलतो किंवा अस्थिबंध शिवतो. स्नायूंची ताकद तो परत देऊ शकत नाही. पाय वापरात नसला की मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच बारीक होऊ लागतो. सांध्याभोवती व्रणाच्या ऊती तयार होतात आणि हालचाल नसेल तर त्या सांधा आखडून टाकतात. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे गुडघेबदलानंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते.

कोणते व्यायाम, किती काळ?

सुरुवात साधी असते : घोटा वरखाली हलवणे, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे. खुर्चीत नीट बसायला गुडघा सुमारे ९० अंशांत वाकावा लागतो. जिना उतरायला आणि बसून उठायला त्याहून थोडा अधिक. वाकण्याइतकेच पाय पूर्ण सरळ होणेही महत्त्वाचे. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली सतत उशी ठेवली, तर तो वाकलेलाच राहण्याची भीती असते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पहिले सहा ते बारा आठवडे कळीचे असले, तरी सुधारणा वर्षभर होत राहते.

दुखत असेल तर थांबावे का?

‘आता आराम कर’ हे घरच्यांचे प्रेम इथे अनेकदा आड येते. व्यायाम करताना ताण जाणवणे, थोडे दुखणे स्वाभाविक आहे. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल, सूज चढली असेल, तर व्यायाम कमी करून तज्ज्ञाला विचारावे. पोटरी दुखून सुजणे, ताप, जखमेतून स्राव किंवा दम लागणे ही मात्र तातडीने डॉक्टर गाठण्याची लक्षणे. आणि एकाचा व्यायाम दुसऱ्याला चालेलच असे नाही. जोडलेल्या हाडावर किती भार द्यायचा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच सांगायचे असते.

अडते कुठे?

केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली, ते योग्यच झाले. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. पण गुडघा १५ दिवसांत बरा होत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक फिजिओथेरपीच्या फेरीला फी, रिक्षाभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी असा तिहेरी खर्च असतो. गावाकडचा रुग्ण दोन-चार फेऱ्यांनंतर येणे बंद करतो, त्याचे कारण आळस नसून बहुतेक वेळा हेच असते.

मग करायचे काय?

शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच किमान तीन महिन्यांचे भौतिकोपचार धरायला हवेत. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवस भौतिकोपचारतज्ज्ञ मिळायला हवा. सुट्टी देण्यापूर्वी व्यायाम रुग्णाकडून आणि घरातल्या एका माणसाकडून करवून घ्यायला हवेत. तेवढ्याला तर पैसेही लागत नाहीत. रुग्णानेही दाखल होण्यापूर्वीच ‘नंतरचा व्यायाम कोण घेणार, कुठे आणि किती दिवस?’ हे विचारावे. किती गुडघे बदलले याची आकडेवारी सरकार अभिमानाने देते. त्यातले किती जण आधाराविना जिना उतरू लागले, हेही मोजायला हवे.