साहेबांची शिकवणी

कोचिंग क्लास म्हटला की गणितात कच्चा राहिलेला मुलगा आणि त्याची फी भरताना मेटाकुटीला आलेला बाप, एवढेच चित्र आजवर आमच्या डोळ्यांपुढे उभे राहत असे. आता शिकवणी लागते ती त्या बापाच्या साहेबाला! तिचे नाव मोठे भारदस्त – ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’. आणि विषय गणिताहून अवघड – ‘स्वतःची ओळख’. बंद खोलीत मार्गदर्शक विचारतो, “आपण असे का वागता, असे आपल्याला वाटते?” साहेब विचारात पडतात आणि तासाचे बिल कंपनी भरते.

‘कोच’ हा शब्द मूळ हंगेरीतल्या कोच नावाच्या गावचा. तिथे उत्तम घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच ते नाव पडले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, आपल्याला परीक्षेच्या पैलतीरी नेऊन पोहोचवणाऱ्या शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. गाडी आली, गाडीवान आला, आत बसणाराही आला. घोड्याला मात्र कोणी काही विचारले नाही! आमचे भांडण आहे ते एवढ्यापुरतेच.

साहेबाने स्वतःला ओळखू नये, असे कोण म्हणेल? प्रश्न असा की, ही ओळख ठेवलेली कुठे असते? जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली चार तावदानांची एक खिडकी कल्पिली. तिच्यातले एक तावदान असे की, त्यातून लोकांना आपण दिसतो, पण आपल्याला आपण दिसत नाही. मास्तरांचा आजचा रंग काय आहे, हे हजेरी संपायच्या आत पोरांना कळते. मास्तरांना ते निवृत्त होईपर्यंत कळत नाही! कचेरीतही तेच. साहेबांच्या बुटांच्या आवाजावरून शिपाई दिवसाचे भविष्य सांगतो. मग फी देऊन तिऱ्हाइताला का विचारायचे?

यावर उत्तर मिळते, “आम्ही हाताखालच्यांचाही अभिप्राय घेतो, आणि तोही निनावी.” अहो, चार माणसांच्या खात्यात निनावी काय राहणार? एका वाक्याच्या वळणावरून माणूस ओळखू येतो. शिवाय अभिप्राय हाती दिला म्हणजे काम फत्ते झाले, असेही नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ साली अशा अभिप्रायांविषयीचे सहाशेंहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने सुधारणा दिसली खरी. पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम उलट बिघडले होते.

या धंद्यात सगळेच पोकळ आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गूगलचे एरिक श्मिट यांना २००१ साली शिक्षक नेमण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा त्यांनी आधी नाकच मुरडले होते. त्यांना लाभलेले बिल कॅम्पबेल हे एके काळी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे शिक्षक. ते बंद खोलीत एकट्या साहेबापाशीच बसून राहिले नाहीत. सर्वांच्या बैठकींना जाऊन बसत. मार्शल गोल्डस्मिथ यांची रीत तर त्याहून रोखठोक : साहेब सुधारले, असे भोवतालच्या माणसांनी सांगितले तरच फी! याला आम्ही सचोटीचा व्यवहार म्हणू.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. शिकवणी खुशाल लावा. पण निकाल हाताखालच्यांच्या हाती द्या, आणि खरे बोलणाऱ्याच्या बढतीला धक्का लागणार नाही, अशी आधी लेखी हमी द्या. कारण हा केवळ कचेरीचा प्रश्न नाही. दिवसभर गिळलेला अपमान संध्याकाळी घरी येतो. तो बायकोच्या हातच्या आमटीत खोट काढतो, पोराच्या प्रगतिपुस्तकावर तुटून पडतो. त्या पोराला कोणत्या साहेबाने रडवले, हे कुठल्याच हिशेबात लिहिले जात नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो. आपण कोणाचे किती देणे लागतो, हे तो डोळे मिटून स्वतःच्या मनाला विचारत बसत नाही. वही उघडून पाहतो. साहेब, तुमची वही तुमच्या हाताखालच्या माणसांपाशी आहे. या दिवाळीत ती एकदा मागून घ्या. तिला फी पडत नाही; छाती मात्र लागते.