युद्धात कसले आलेत नियम?

मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चालू होती त्या चार दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी नीट झोपलं नसावं. पहाटे तीनला सुद्धा मेसेज येत होते. त्यातला एक माझ्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा. "युद्धात कसले आलेत नियम? दवाखाने, शाळा, सगळं सपाट करा, मग बोलू." खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

मी तेव्हा गप्प बसले. कारण दादाचा मुलगा, माझा भाचा, फौजेत आहे आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याच्याशी वाद घालू नये एवढी अक्कल मला या वयात आली आहे. आता भाचा सुखरूप आहे, सुट्टीवर येऊन गेला, तेव्हा भांडायला हरकत नाही. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. वहिनी वाचून दाखवतेच.

आधी तुझीच एक जुनी गोष्ट. २७ फेब्रुवारी २०१९. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, तोंडावर रक्त, डोळ्यांना पट्टी, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्या रात्री ग्रुपवर तू काय पाठवलं होतंस? "जिनिव्हा करारानुसार त्यांना आठ दिवसांत सोडावंच लागेल." आठ दिवसांचं कुठून आलं कोण जाणे. करारात तसा आकडा नाही. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ११८व्या कलमात एवढंच आहे की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडायचं. पण ते जाऊ दे. आपल्या परराष्ट्र खात्यानेही त्या दिवशी जखमी अधिकाऱ्याच्या त्या प्रदर्शनाचा निषेध करताना जिनिव्हा कराराचंच नाव घेतलं होतं, आणि बरोबर घेतलं होतं. युद्धकैद्याचा तमाशा करायचा नाही, त्याला अपमानापासून आणि बघ्यांपासून वाचवायचं, हे त्याच करारातलं १३वं कलम. १७व्या कलमाप्रमाणे त्याने फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची. त्यापुढे "ते मी सांगू शकत नाही" असं तो शांतपणे म्हणत होता ते आठवतंय? तेव्हा आपली छाती फुगली होती. ते म्हणण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? त्याच "कसले आलेत" नियमांनी.

म्हणजे आपला माणूस त्यांच्या हातात असला की नियम हवेत, आणि त्यांची माणसं आपल्या तोफेसमोर असली की नकोत. माझं भांडण एवढ्यापुरतंच आहे. सगळं जग असंच वागतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता "नियम" म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण मीही बरीच वर्षं चुकीचंच समजत होते. मला वाटायचं, शांततावादी लोकांनी काढलेलं हे काहीतरी गुळमुळीत प्रकरण असणार. तसं अजिबात नाही. याची सुरुवात झाली एका व्यापाऱ्यापासून. जिनिव्हाचा आंरी द्युनाँ, अल्जीरियातल्या धंद्याच्या कामासाठी तिसऱ्या नेपोलियनला गाठायला निघालेला. २४ जून १८५९ ला उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हा नेमका तिथे जाऊन पोचला. हजारो जखमी, पाणी द्यायला माणूस नाही. शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायका चर्चमध्ये फ्रेंच आणि ऑस्ट्रियन असा भेद न करता जखमा धूत होत्या. तो त्यांच्यात सामील झाला, परत गेल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. (द्युनाँचा धंदा पुढे बुडाला, गरिबीत दिवस काढले, आणि १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल अर्धं त्याला मिळालं. व्यापारी म्हणून कच्चाच असावा.) आज जे चार करार आहेत ते १२ ऑगस्ट १९४९ चे. जगातले जवळपास सगळे देश त्यात आहेत. आपण आहोत, पाकिस्तानही आहे.

या कायद्याची एक गोष्ट भल्याभल्यांच्या पचनी पडत नाही. युद्ध सुरू कुणी केलं, न्याय कुणाच्या बाजूला, हे तो विचारतच नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे, संयुक्त राष्ट्रांची सनद वगैरे. हा फक्त विचारतो, लढताय ना, मग लढताना काय करताय? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही राग आला होता. हल्ला करणारा आणि बचाव करणारा एकाच मापाने मोजायचे? पण विचार करून बघा. प्रत्येक सैन्याला आपलीच बाजू न्यायाची वाटते. "आम्ही बरोबर आहोत म्हणून आम्हाला नियम नाहीत" ही सवलत एकदा दिली की ती सगळेच घेणार, आणि घेतातच. ७ ऑक्टोबर २०२३ ला घरांतून लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ओलीस नेणाऱ्यांनी तीच घेतली, आणि त्यानंतर गाझातल्या लोकांचं अन्नपाणी तोडणाऱ्यांनीही. ओलीस धरणं निषिद्ध आहे, उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरणंही निषिद्ध आहे. दोन्ही एकाच श्वासात म्हणायला आपल्याकडे फार थोडे लोक तयार असतात. एक म्हटलं की दुसऱ्या बाजूचे आपण ठरतो.

आणि दादा, हा कायदा भाबडा आहे असं समजू नकोस. उलट मला तो कधीकधी फारच निबर वाटतो. शत्रूचा सैनिक झोपलेला असला तरी त्याला मारायला त्याची आडकाठी नाही. लष्करी लक्ष्यावर हल्ला करताना आजूबाजूची माणसं मेली तरी तो लगेच गुन्हा म्हणत नाही. मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने हानी अवाजवी होती का, आणि आधी पुरेशी काळजी घेतली होती का, एवढंच विचारतो. "पण दवाखान्यात अतिरेकी लपले तर?" हा तुझा लाडका प्रश्न. त्याचं उत्तर १९४९ सालीच लिहून ठेवलंय. दवाखान्यातून शत्रूवर मारा होत असेल तर त्याचं संरक्षण जातं, पण आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, आणि तरीही थांबलं नाही तर. "सपाट करा" आणि यात फरक आहे.

२०१५ च्या ३ ऑक्टोबरला अफगाणिस्तानात कुंदूझ इथे 'सीमा नसलेले डॉक्टर' या संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकी विमानाने मारा केला. इमारत नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांनी आधीच कळवून ठेवलं होतं. बेचाळीस माणसं गेली. अमेरिकेने चूक मान्य केली, सोळा जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली, फौजदारी खटला कुणावरही नाही. "मग काय उपयोग तुझ्या कायद्याचा?" असं तू म्हणणार. म्हण. पण निदान माफी मागावी लागली, चौकशी करावी लागली. तुझा नियम लावला असता तर ती बेचाळीस माणसं चुकूनसुद्धा मेली नसती, फक्त मेली असती.

आमच्याकडचा दुसरा युक्तिवाद, हे सगळं पाश्चात्त्यांचं थोतांड. अरे, भीष्मपर्वात लढाईआधी दोन्ही पक्ष बसून नियम ठरवतात, पळणाऱ्याला मारायचं नाही, निःशस्त्राला मारायचं नाही, सारथ्यावर आणि शंखनगारे वाजवणाऱ्यांवर वार करायचा नाही. हो, अठरा दिवसांत एकेक करून सगळे मोडले. पण मोडल्याचं कुणी विसरलं का? झोपलेल्यांना रात्री कापून काढणारा अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी अजून तेल मागत फिरतो, असं तुला आणि मला एकाच आजीने सांगितलंय. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र शाळेत वाचलंय, रयतेच्या दाण्यागोट्याला हात लावू नका म्हणून. ते आपल्याच रयतेबद्दल होतं, शत्रूच्या नव्हे, हे मान्य. पण हत्यारबंद माणसाला लगाम हवा ही समज काही जिनिव्हाहून आयात झालेली नाही.

आता मूळ मुद्दा. पाळतं कोण? आपण पाळले आहेत दादा, आणि ते तुझ्या घरात घडलंय. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात जी शरणागतीची कागदपत्रं झाली त्यातच लिहिलंय की शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे सन्मानाने वागवलं जाईल. सुमारे ९३ हजार माणसं, त्यात काही हजार नागरिक. मामा तेव्हा जबलपूरला होता, कैद्यांच्या छावणीवर, लेखनिक. सुट्टीवर आला की कुरकुर करायचा, आम्हीच का यांना पोसायचं म्हणून. रेड क्रॉसची माणसं येऊन रेशन तपासतात, पत्रं जाऊ द्यावी लागतात. करारात कैद्यांच्या मासिक रकमेचंही कलम आहे, शिपायाला आठ स्विस फ्रँक, जनरलला पंचाहत्तर. ते ऐकून आजी म्हणाली होती, "जावयासारखं वागवता की रे." मामा हसला नाही. म्हणाला, "आपलीही पोरं तिकडे आहेत, आई." एवढं एकच वाक्य, मग पुन्हा कुरकुर सुरू.

सगळं उजळ नव्हतं, तेही सांगते. लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडायचं असतं आणि आपण त्यांना दोन वर्षं ठेवलं. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्ली करार झाला, शेवटचे कैदी १९७४ च्या एप्रिलपर्यंत गेले. कारणं होती, बांगलादेशाची मान्यता, खटल्यांचा प्रश्न, पण ११८वं कलम कारणं विचारत नाही.

"आणि सौरभ कालिया?" या नावावर मी गप्प बसते हे तुला माहीत आहे. १९९९ च्या मेमध्ये पकडलेला बावीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे पाच जवान, जूनमध्ये परत आलेले त्यांचे देह. पण तुझ्याच वाक्याने विचार कर. युद्धात नियमच नसतील तर त्या मुलावर अन्याय कसला झाला? तक्रार कशाच्या आधारे करायची? तो गुन्हा आहे असं आपण जगापुढे म्हणू शकतो ते याच कायद्याच्या जोरावर. त्याच कारगिलमध्ये पाकिस्तानने जे मृतदेह आपले म्हणायला नकार दिला ते आपल्या सैन्याने त्यांच्या धर्माप्रमाणे पुरले. कॅप्टन कर्नल शेर खानच्या शौर्याची तर आपल्याच ब्रिगेडियरने चिठ्ठी लिहून दिली, आणि त्याला त्यांचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यामुळे आपण हरलो का?

माझी खरी तक्रार सैन्याबद्दल नाहीच. ती आपल्यासारख्या घरबसल्यांबद्दल आहे, आणि सरकारबद्दल. १९६० साली आपण जिनिव्हा करारांचा कायदा केला. गोव्यातल्या मोंतेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तर १९६९ मध्ये निकाल लागला की हा कायदा व्यक्तीला कोर्टात जायचा स्वतंत्र हक्क देत नाही. शिवाय त्याखाली खटला भरायचा तर तक्रार सरकारकडूनच यायला हवी. १९७७ च्या पुरवणी करारांत, ज्यांत नागरी वस्तीच्या संरक्षणाचे नियम सर्वात तपशिलाने आहेत, आपण नाही. पाकिस्ताननेही मंजुरी दिलेली नाही. या एका बाबतीत शेजारी-शेजारी बसलोय. निवडणुकीत हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

परवा जुने मेसेज वर सरकवत गेले तर २०१९ चा तुझा तो मेसेज सापडला, आठ दिवसांवाला. आकडा दुरुस्त करून तोच पुन्हा पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. गणपतीला येतोयस ना, तेव्हा बोलू. मामाची जबलपूरची ट्रंक माळ्यावर आहे असं वहिनी म्हणत होती, तीही काढून ठेव.