गोकुळधामचे हसू आणि पोडावरची मुले

'कौटुंबिक' हे विशेषण एखाद्या मालिकेला एकदा चिकटले, की पालकांचे कर्तव्य संपले असे आपल्या समाजात गृहीत धरले जाते. सासू-सुनांच्या कारस्थानांच्या मालिका मुलांसमोर लावू नयेत, एवढे भान अद्याप अनेक घरांत टिकून आहे. चित्रपटाला जाताना त्याचे प्रमाणपत्र तरी पाहिले जाते. परंतु विनोदी मालिका, आणि तीही शिवीगाळ नसलेली, अंगप्रदर्शन नसलेली, गणपती-नवरात्र थाटाने साजरे करणारी असेल, तर तिच्याकडे परीक्षकाच्या दृष्टीने पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झालेली आणि हजारो भागांनंतरही न थांबलेली 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका या गृहीतकाची सर्वांत मोठी लाभार्थी होय. ती मुलांसाठी योग्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून देणे सोपे आहे. ते यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी तालुक्यात बसून दिले तर कसे दिसते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम मालिकेच्या पदरात जे पुण्य आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गुजराती लेखक तारक मेहता यांनी 'चित्रलेखा' साप्ताहिकात १९७१ पासून चालविलेल्या विनोदी सदरावर ती आधारलेली आहे. या लेखकाला २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तो सन्मान निर्मळ विनोदाचाच होता असे म्हणावयास हरकत नाही. गुजराती जेठालाल, मराठी भिडे, तमिळ अय्यर, पंजाबी सोढी अशी निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे एका आवारात नांदतात, एकमेकांचे सण आपले मानतात, संकटात एकमेकांच्या दारी धावतात. पन्नाशीकडे झुकलेला, दुकानाचा मालक असलेला मुलगा वृद्ध वडिलांसमोर मान खाली घालून उभा राहतो. माधवी भिडे घरी लोणची-पापड करून संसाराला हातभार लावते आणि त्यात तिला कोणताही कमीपणा वाटत नाही. वृद्धांना अडगळ ठरविणाऱ्या मालिकांच्या गर्दीत हे चित्र सुखावह आहे. त्यामुळेच संघसंस्कारांच्या घरांतही ही मालिका निःशंकपणे लावली जाते.

शंका निर्माण होते ती पुढे. विनोदी मालिकेची परीक्षा तिच्यात काय दाखविले नाही यावरून करता येत नाही. ती कोणाला हसावयास शिकविते, आणि कोणत्या गोष्टीला 'त्यात काय एवढे' म्हणून सोडून देते, ही खरी कसोटी होय. मूल उपदेश विसरते, परंतु घरातील सर्व मंडळी ज्या प्रसंगाला एकत्र हसली तो प्रसंग त्याच्या मनात कायमचा बसतो.

आत्माराम तुकाराम भिडे या पात्राकडे या दृष्टीने पाहावे. हा शिक्षक आहे, काटकसरी आहे, नियमांचा आग्रही आहे, सोसायटीचे हिशेब चोख ठेवणारा आहे. मंदार चांदवडकर यांनी ही भूमिका जिवंत केली आहे, यात वाद नाही. पण भिडे मास्तरांचा प्रत्येक सद्गुण हा विनोदाचा विषय आहे. त्यांची काटकसर म्हणजे कंजूषपणा, शिस्त म्हणजे कटकट, जुन्या काळाची आठवण म्हणजे कंटाळा. टप्पू आणि त्याची सेना त्यांच्या खिडकीची काच फोडते, आणि सहानुभूती मात्र टप्पूच्या वाट्याला जाते. शहरातील मुलाला हे फारसे बाधत नाही, कारण त्याच्या घरात शिकलेली दोन-तीन माणसे असतात आणि शिक्षक ही त्याच्या जगातील अनेक व्यक्तींपैकी एक असते. झरी जामणीतील कोलाम पोडावर स्थिती वेगळी आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिमागास वनवासी जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या अन्य दोन. घरी कोलामी बोलावयाची, शाळेत मराठी शिकावयाची, पडद्यावर हिंदी ऐकावयाची आणि पैनगंगेपलीकडे गेले की तेलुगू, अशा चार भाषांच्या तिठ्यावर ते मूल उभे असते. त्याच्या घरात अक्षर ओळखणारा तो पहिला किंवा फार तर दुसरा. त्याच्यासाठी मास्तर हा पोडाबाहेरच्या जगाचा दरवाजा असतो. त्या दरवाजाचीच रोज रात्री थट्टा होत असेल, तर ती थट्टा निरुपद्रवी म्हणता येणार नाही. (मराठी प्रेक्षकाने आणखी एक गोष्ट स्मरावी. मार्च २०२० मध्ये याच मालिकेतील एका संवादात मुंबईची भाषा हिंदी असल्याचे सांगितले गेले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आक्षेप घेतल्यावर निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्या सोसायटीचा सचिव भिडे आहे, तेथे हे घडावे!)

याहून गंभीर बाब बबिता अय्यर या पात्राची. जेठालाल विवाहित आहे, एका मुलाचा पिता आहे, आणि समोरच्या घरातील विवाहित स्त्रीसाठी तो वर्षानुवर्षे झुरतो. तिच्या पतीच्या सावळ्या रंगावरून टोमणे मारले जातात. असभ्य असे काही दिसत नाही, मर्यादा कधी ओलांडली जात नाही, हे खरे. 'श्रीमान श्रीमती' ही दूरदर्शनवरील १९९४ ची मालिका किंवा २०१५ मध्ये आलेली 'भाभीजी घर पर हैं' यांत तर शेजाऱ्याच्या पत्नीवर डोळा हेच संपूर्ण कथानक आहे. त्यांच्या तुलनेत जेठालाल साधू ठरेल. परंतु नेमक्या या सौम्यपणामुळेच तो प्रत्येक घरात शिरतो. परस्त्रीकडे पाहण्याच्या दृष्टीबद्दल आपल्या परंपरेने जे कठोर शब्द वापरले, त्यांच्या जागी येथे एक गमतीदार पार्श्वसंगीत वाजते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला यातून कळते ते एवढेच, की विवाहित पुरुषाचे असे पाहणे ही एक मौज आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलीला काय कळते, याचा विचार कोणी केला आहे काय?

झरी जामणीत हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. कुमारी मातांच्या प्रश्नामुळे या तालुक्याचे नाव राज्यभर पोहोचले, हे दुःखद सत्य आहे. कोलाम आणि अन्य वनवासी मुली, त्यांतील कित्येक अल्पवयीन, विवाहाच्या भूलथापांना बळी पडल्या. फसविणारे बहुतांशी बाहेरून आलेले, पैसा आणि ओळखी बाळगणारे, ठेकेदारी किंवा व्यापार करणारे होते. वृत्तपत्रांतून यावर वर्षानुवर्षे लिहिले गेले. या अनर्थाला एखादी मालिका कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे आणि हास्यास्पद होईल. दारिद्र्य, दारू, रोजगाराचा अभाव, कायद्याचा धाक नसणे ही त्याची कारणे आहेत, आणि दूरचित्रवाणी संच घरात येण्यापूर्वीही ती होतीच. परंतु ज्या मुलीला मोठ्या वयाच्या, पैसेवाल्या, विवाहित माणसाची लगट ही धोक्याची घंटा म्हणून ओळखता आली पाहिजे, तिला ती लगट आपण रोज रात्री विनोद म्हणून दाखवीत आहोत. बबिता शिकलेली आहे, तिच्या पाठीशी पती आहे, सोसायटी आहे; जेठालालचे तेथे काही चालणार नाही, हे लेखकाला आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे. पोडावरच्या मुलीपाशी यांतले काय आहे?

येथे कोणी विचारील, मग विनोदच नको काय? असा सुतकी आग्रह आमचा नाही. एकनाथांच्या भारुडांपासून दंडारीतील सोंगांपर्यंत आपला समाज पोट धरून हसत आला आहे, आणि ती सोंगे काही सोवळ्यातली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी घराघराला हसविले. चिमणरावाची फजिती चिमणरावाच्याच भित्रेपणातून आणि बढाईतून होत असे. मूल हसता हसता स्वतःच्या बढाईकडे पाहू लागे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याच्या चाळी'तही माणसे गोकुळधामइतकीच विक्षिप्त आहेत, पण लेखक स्वतः त्यांच्यातलाच एक होऊन हसतो. गोकुळधाममध्येही असे प्रसंग आहेत. जेठालालचे खोटे वडिलांसमोर उघडे पडते आणि त्याची बोबडी वळते, ते भाग कोणत्याही वयाच्या मुलाने अवश्य पाहावेत. वडिलांशी खोटे बोलणाऱ्याचे काय होते, हे त्याहून चांगले कोणता पाठ शिकविणार?

एक विसंगती मात्र नोंदवावीशी वाटते. २०१७ पासून या आदर्श कुटुंबात आईच नाही. दिशा वाकाणी यांनी मालिकेतून रजा घेतली, आणि कथेत दया अहमदाबादला माहेरी गेली ती गेलीच. अभिनेत्रीचा निर्णय तिचा आहे, त्याला दोष नाही. पण इतकी वर्षे एका घरात आई नाही आणि त्या घरातील हसणे-खिदळणे अखंड चालू आहे, हे 'कौटुंबिक' मालिकेला खपते कसे? आई मोलमजुरीसाठी परगावी गेलेली मुले या भागात आहेत. त्यांना हे पाहताना काय वाटत असेल, ते त्यांनाच ठाऊक.

शासन यात किती लक्ष घालील? चित्रपटाला प्रमाणपत्र असते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यात सात, तेरा व सोळा वर्षे असे वयोगटही आले. मोबाईलवरील मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी तशीच वर्गवारी लावली. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकेला मात्र असे पूर्वप्रमाणपत्र नाही. १९९५ चा केबल कायदा आणि त्याखालील कार्यक्रम संहिता आहे. मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम मुलांच्या पाहण्याच्या वेळी दाखवू नयेत, असे ती सांगते. वाहिन्यांनी २०११ मध्ये तक्रारींसाठी स्वतःची परिषदही नेमली. पण 'शिक्षकाची थट्टा' किंवा 'परस्त्रीची मौज' ही कोणत्याही संहितेत बसणारी तक्रार नव्हे. तेव्हा दिल्लीकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ही मालिका आजी-आजोबांच्या मांडीवर बसून पाहिली तर बिघडत नाही. त्या वयात त्यांना बबिताचा प्रसंग कळत नाही, बापूजींचा दरारा मात्र कळतो. किशोरवयीन मुलांनी ती एकट्याने पाहू नये. त्यांच्याजवळ बसून कोणीतरी विचारले पाहिजे: या प्रसंगात अय्यरला काय वाटले असेल? दयाला हे कळले तर? काच कोणी फोडली आणि पैसे कोणी भरले? आश्रमशाळांमध्ये हे काम अधीक्षक आणि अधीक्षिका करू शकतात. वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही आपल्या संस्कारवर्गात गोष्टींसोबत या मालिकेतील एखादा भाग चर्चेला घ्यावा. मुले बोलतात, आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा नेमके बोलतात.

अडचण एवढीच, की आता मालिका संचावर कमी आणि मोबाईलवर अधिक पाहिली जाते, तीही तुकड्या-तुकड्यांनी. बापूजींचा प्रसंग लांब असतो, तो कापला जातो. जेठालाल आणि बबिताचा दीड मिनिटाचा तुकडा हातोहात फिरतो. मुकुटबनच्या बाजारात किंवा पाटणच्या बसथांब्यावर चार मुले एका मोबाईलवर वाकून जे पाहत असतात, ते बहुधा हेच असते, आणि तेथे शेजारी बसून प्रश्न विचारणारे कोणी नसते.