बनावट गर्दीचा गुन्हा

‘पैसे गेले का? नाही ना? मग गुन्हा कशाचा लिहायचा? फोन दोन दिवस बंद ठेवा, आपोआप थांबेल.’ आमच्या एका सहकाऱ्याला पोलीस ठाण्यात हा सल्ला मिळाला. त्यांचा क्रमांक रक्तदात्यांच्या अनेक याद्यांमध्ये आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रात्री-अपरात्री रक्ताची पिशवी हवी असली की नातेवाईक त्यांनाच फोन लावतात. कोणाच्या तरी मनात राग होता आणि त्याने हा क्रमांक एका ‘बॉम्बर’ ॲपमध्ये टाकला. रात्री साडेअकराला पहिला ओटीपी आला. मग जेवण मागवण्याचे, कर्जाचे, लग्न जुळवण्याचे, टॅक्सीचे असे ओटीपी एकामागून एक येत राहिले. मध्येच एक रिंग वाजायची, कट व्हायची, लगेच दुसऱ्या क्रमांकावरून वाजायची. टेबलावर ठेवलेला फोन थरथरत थरथरत पहाटेपर्यंत कडेला आला होता. या गदारोळात घाटीतून आलेले तीन खरे फोन वाहून गेले. ते त्यांना सकाळी यादीत सापडले.

पोलिसांचा सल्ला आम्हाला त्या ॲपपेक्षाही अधिक संतापजनक वाटतो. चोराने कडी लावून घेतली आणि पोलिसांनी घरमालकालाच घर सोडायला सांगितले, असा हा प्रकार आहे. फोन बंद पाडणे हाच हल्लेखोराचा हेतू होता. तो हेतू पोलिसांनी त्याच्या वतीने पूर्ण करून दिला. यात एकट्या हवालदाराचा दोष नाही. दूरसंचाराची वाट जाणूनबुजून तुंबवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे त्याला कोणत्याही कायद्याने स्वच्छ शब्दांत सांगितलेलेच नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, फोन एकाचा असो वा टॉवर अख्ख्या चौकाचा, तो मुद्दाम तुंबवणारा गुन्हेगार आहे आणि कायद्याने त्याला तसे म्हणायला हवे. पैसे गेले की नाहीत, हा प्रश्न नंतरचा.

नेटवर्क तुंबते म्हणजे काय होते, हे शहरातल्या क्रांती चौकात उभे राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मूक मोर्चाची सुरुवात याच चौकातून झाली. दरवर्षी शिवजयंतीच्या आदल्या रात्री महाराजांच्या पुतळ्यासमोर पाऊल ठेवायला जागा नसते. अशा वेळी फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला क्यूआर कोडचा कागद उलटा करून ठेवतो आणि ‘सुट्टे द्या’ म्हणतो. हरवलेल्या पोराला शोधणारी आई पुन्हा पुन्हा तोच क्रमांक दाबत राहते.

काड्या भरलेल्या दिसतात, कारण काड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात. टॉवरवर जागा शिल्लक आहे की नाही, ते त्या सांगत नाहीत. फोन लावण्याआधी प्रत्येक फोन टॉवरकडे एका सामाईक वाटेवरून ‘मला जागा द्या’ अशी विनंती पाठवतो. हजारो विनंत्या एकाच क्षणी आल्या की त्या एकमेकींवर आदळतात, कोणाचीच पोहोचत नाही, मग प्रत्येक फोन पुन्हा विनंती पाठवतो आणि कोंडी वाढत जाते. मिस्ड कॉल फुकट असतो असे आपण समजतो. पण फोन शोधणे, जोडणे, रिंग वाजवणे ही सगळी मेहनत नेटवर्कला करावीच लागते. पैसे मिळत नाहीत एवढेच. म्हणूनच ज्याला नेटवर्क दमवायचे आहे, त्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आता यातला फरक नीट पाहा. मोर्चात एक लाख माणसे असतील तर एक लाख माणसांना एक लाख ठिकाणी बोलायचे असते. ती खरी गर्दी असते. तिच्यामुळे टॉवर बसला तर दोष नियोजनाचा. फिरते टॉवर आणून उभे करणे हे कंपन्यांचे आणि प्रशासनाचे काम आहे. पंढरीच्या वारीत ते करता येते, तर क्रांती चौकातही आले पाहिजे. पण एक माणूस यंत्राच्या आधाराने हजार माणसांचे सोंग घेतो आणि त्याला कोणाशीच बोलायचे नसते, फक्त दुसऱ्याला बोलू द्यायचे नसते, तेव्हा ती बनावट गर्दी असते. खरी गर्दी हा नागरिकांचा हक्क आहे. बनावट गर्दी हा त्याच नागरिकांवरचा हल्ला आहे. हे दोन्ही एकाच तागडीत तोलणारा कायदा आंधळा आहे.

हे कल्पनेतले भय नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका १८ वर्षांच्या तरुणाने ट्विटरवर एक दुवा टाकला. तो दाबला की आयफोन आपोआप ९११ या आपत्कालीन क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन लावत असे. तो दुवा १,८४९ वेळा उघडला गेला. सरप्राइझ नावाच्या लहानशा शहराच्या पोलिसांकडे काही मिनिटांत शंभराहून अधिक कॉल येऊन कट झाले. गंमत करायची होती, चुकीचा दुवा टाकला गेला, असे त्या पोराचे म्हणणे होते. पोलिसांनी ‘पैसे गेले का’ असे विचारले नाही. त्याला अटक केली. आपल्याकडे ११२ वर येणारे कॉल महाराष्ट्रभरातून मोजक्या नियंत्रण कक्षांत उतरतात. असाच एखादा दुवा मराठीत, एखाद्या खोट्या अनुदानाच्या आमिषाने गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला तर काय होईल, याचा विचार मंत्रालयात कोणी केला आहे का?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ मध्ये नेटवर्कमध्ये व्यत्यय आणणे आणि अधिकृत व्यक्तीला त्याचा वापर नाकारणे ही दोन्ही कृत्ये लिहिलेली आहेत. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या लहान इंटरनेट सेवादारांवर अशाच कृत्रिम रहदारीचा लोंढा सोडण्यात आला, तेव्हा मुंबईत याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे मनात आणले तर पोलिसांना वाट सापडते. पण ती वाट दोन ठिकाणी अडते. एक, कृत्य मालकाच्या परवानगीशिवाय झालेले हवे. इथे आरोपी हा कंपनीचा पैसे भरलेला ग्राहक असतो आणि प्रत्येक सुटा कॉल परवानगीचाच असतो. दोन, कलम ६६ची तीन वर्षांची कैद लावायची तर कृत्य ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केलेले असावे लागते. अप्रामाणिकपणाची कायद्यातली व्याख्या लाभ आणि हानी यांच्याभोवती फिरते. निव्वळ सूड म्हणून, त्रास द्यायचा म्हणून, कोणाचे तोंड बंद करायचे म्हणून केलेला भडिमार या व्याख्येत बसवायला वकिलाला घाम फुटतो. ‘पैसे गेले का?’ हा प्रश्न हवालदाराच्या तोंडी येतो तो इथूनच.

भरपाई मागायची म्हटली तर पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे जावे लागते. क्रांती चौकातल्या चहावाल्याने एका दिवसाचा गल्ला बुडाला म्हणून मुंबईची गाडी पकडायची का? राहिला भारतीय न्याय संहितेतला सार्वजनिक उपद्रव. त्याचा दंड आहे जास्तीत जास्त एक हजार रुपये.

मग नवा दूरसंचार कायदा आला, २०२३ मध्ये. १८८५च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी केलेला. जुन्या कायद्याला माफ करता येते. तो तारा तोडणाऱ्यांच्या काळात जन्मला. संदेश अडवण्यासाठी यंत्राला, तारेला हात लावणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. १८५७ मध्ये बंडवाल्यांनी ठिकठिकाणी तारा कापल्या होत्या, ती आठवण इंग्रजांच्या मनात ताजी होती. त्याच वर्षी बंडात उतरलेल्या शिपायांना आपल्या शहरात ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी मृत्युदंड दिला गेला, त्यावरूनच तर क्रांती चौकाला हे नाव मिळाले. पण २०२३च्या कायद्यालाही तुटलेली तारच दिसावी? त्याच्या कलम ४२ मध्ये अतिमहत्त्वाच्या दूरसंचार सुविधांचे ‘नुकसान’ केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. इतर नेटवर्कचे नुकसान केल्यास भरपाई आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. तुंबवलेल्या टॉवरचे मात्र काहीच तुटत नाही. तासाभराने तो पूर्ववत चालतो. हे नुकसान म्हणायचे की नाही, ते न्यायालयात वर्षानुवर्षे घासत बसावे लागेल. कलम ४८ तर दूरसंचार अडवणारे उपकरण नुसते जवळ बाळगायलाही मनाई करते. ५ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. म्हणजे जॅमर खिशात ठेवला तर कायदा हात धरतो आणि तेच काम करणारे ॲप फोनमध्ये ठेवले तर कायदा हात चोळत बसतो. नोव्हेंबर २०२४च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत नेटवर्कच्या गैरवापराला मनाई आहे, कंपन्यांवर सहा तासांत घटना कळवण्याचे बंधनही आहे. पण नियमांतल्या मोघम मनाईने ठाण्यात गुन्हा नोंदवला जात नाही. त्यासाठी कायद्यात नाव लागते.

‘प्रत्येक कॉल कायदेशीर, मग बेरीज बेकायदा कशी?’ हा युक्तिवाद आपल्याकडेही होणार. इंग्लंडमध्ये तो करून झाला आहे. कामावरून काढलेल्या एका तरुणाने जुन्या मालकाच्या संगणकावर सुमारे ५० लाख ईमेल सोडले. ईमेल घेण्यासाठीच तर संगणक होता, म्हणजे परवानगी होती, असे म्हणून खालच्या न्यायालयाने २००५ मध्ये त्याला सोडले. मे २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते फिरवले. दारावर पत्रपेटी लावली म्हणजे कोणीही त्यात कचरा कोंबावा अशी परवानगी दिलेली नसते, असा त्या निकालाचा रोख होता. तिथली संसद तेवढ्यावर थांबली नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून संगणकाचे काम बिघडवण्याच्या हेतूने केलेल्या कृत्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. ईमेल, फोन, संदेश यांत तत्त्वाचा फरक नाही. एका निकालानंतर तिथे काही महिन्यांत जे झाले, ते इथे ॲप घरोघरी पोहोचल्यावरही होत नाही.

अशा कायद्याने आंदोलने दडपली जातील, अशी भीती घातली जाते. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लाखो लोकांनी मिस्ड कॉल दिले. ते क्रमांक आंदोलकांनी स्वतः जाहीर केलेले होते, प्रत्येक कॉलमागे एक माणूस होता आणि कोणाचा फोन बंद पाडण्याचा हेतू नव्हता. हेतू आणि यंत्र या दोन कसोट्या कायद्यात लिहिल्या की ही भीती उरत नाही. आमदाराला हजार मतदारांनी हजार फोन केले तर त्याने ते उचलावेत. त्यासाठी त्याला निवडून दिले आहे.

हेतू तपासायचा सोडून सगळ्यांनाच बांधून ठेवायचे, ही सरकारची जुनी खोड आहे. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामकाने एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. वैयक्तिक संदेशांवरची ती मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये रद्द केली. लगेच ऑगस्टमध्ये अफवांनी घाबरलेले ईशान्येकडचे तरुण पुणे-बंगळुरू सोडू लागले, तेव्हा पुन्हा दिवसाला पाच संदेशांची मर्यादा आली. अफवा पसरवणारे मूठभर होते, पण गप्प बसवला तो सगळा देश.

मराठवाड्याने तर याहून वाईट पाहिले आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात, जुलै २०१८ मध्ये कायगाव टोक्याच्या पुलावरून एका तरुणाने गोदावरीत उडी घेतल्यानंतर आणि पुन्हा २६ फेब्रुवारी २०२४ रोजी इथले मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. दुसऱ्या वेळी जालना आणि बीडही सोबत होते. परीक्षेचा अर्ज भरणारी मुले, बाजारभाव पाहणारे शेतकरी, यूपीआयवर दिवस काढणारे हातगाडीवाले यांना त्या दिवसांत जे भोगावे लागले, ते एखाद्या गुंडाने नेटवर्क तुंबवले असते तर वेगळे नसते. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी इंटरनेट बंदीचे आदेश जाहीर करणे बंधनकारक केले. दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याबाबतच्या २०२४च्या नियमांनी कारणे लिहायला, १५ दिवसांची कमाल मर्यादा पाळायला आणि पाच दिवसांत आढावा घ्यायला सांगितले. भरपाईचा शब्द मात्र कुठेही नाही. नेटवर्क अडवणे हा गुन्हा ठरवायचा, तर गरज नसताना ते बंद करणाऱ्या अधिकाऱ्यालाही कुठेतरी जाब द्यावा लागला पाहिजे. आम्ही दोन्ही मागतो.

कंपन्यांनाही मोकळे सोडून चालणार नाही. एकाच क्रमांकावर रात्रीत शेकडो ओटीपी जात असताना ते पाठवणाऱ्या संकेतस्थळांना आणि वाहून नेणाऱ्या जाळ्याला काही खटकत कसे नाही? मिनिटाला अमुकच ओटीपी, ही साधी अडवणूक बसवायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्याच दारातून हा कचरा आला. भरपाईचा पहिला वाटा त्यांनी उचलावा. आणि प्रत्येक बिघाडाला ‘अचानक वाढलेला भार’ हे कारण देण्याची सवयही मोडायला हवी. भार खरा होता की बनावट, याच्या नोंदी कंपन्यांकडे असतात. त्या तपास यंत्रणेपुढे ठेवण्याचे बंधन हवे.

दूरसंचार कायद्यात दुरुस्ती करण्याचे काम संसदेचे आहे आणि मराठवाड्याचे खासदार तिथे बसतात. तोवर राज्याच्या गृह विभागाला एक परिपत्रक काढता येईल. फोन किंवा नेटवर्क यंत्राने तुंबवल्याची तक्रार आली, तर नुकसानीचा आकडा न विचारता ती कलम ४३ आणि ६६ खाली नोंदवून घ्यावी, असे त्यात लिहावे. तीन वर्षांच्या शिक्षेचा हा गुन्हा दखलपात्र आहे, तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आहे, हे कायद्यातच आहे. नवे काही मागावे लागत नाही.

आमच्या सहकाऱ्याने फोन बंद ठेवला नाही. दोन रात्री तो हातात घेऊन ते जागे राहिले आणि ओटीपींच्या ढिगातून घाटीचे फोन वेचून काढत राहिले. त्यांचा तक्रार अर्ज अजून ‘चौकशीवर’ आहे.