देशोदेशींचे लोक : मसाईंच्या अंगणांत

केनिया देशांतील मसाई मारा अभयारण्य पाहावयास जाणाऱ्या मंडळींत आतां मुंबई-पुण्याकडील कुटुंबेंहि असतात. सिंह, हत्ती आणि नदी ओलांडणारे प्राण्यांचे कळप पाहून झाले, कीं कार्यक्रमांत आणखी एक बाब असते : मसाई वस्तीस भेट. ठराविक रक्कम द्यावयाची, तांबड्या वस्त्रांतील उंच तरुणांच्या नाचांतील उड्या पाहावयाच्या, शेणामातीनें लिंपलेल्या घरांत डोकवावयाचें, मण्यांची एखादी माळ घ्यावयाची आणि तासाभरांत परतावयाचें. या तासाभरांत जें दिसत नाहीं, त्याविषयीं आज थोडें लिहावयाचें आहे.

मसाई हे गोपालक लोक. गुरें हेंच त्यांचें धन व तीच त्यांची प्रतिष्ठा. घर बांधण्याचें व लिंपण्याचें काम स्त्रियांचें. वयांत आलेला मुलगा 'मोरान', म्हणजे योद्धा, होतो आणि कांहीं वर्षांनीं 'युनोटो' नांवाच्या संस्कारानें त्या अवस्थेंतून पुढें जातो. त्या वेळीं गेरूनें माखलेले त्याचे लांब केस त्याची आई स्वतः उतरविते. आपल्या मुंजींतील मातृभोजन ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको. पाहुण्यांपुढें होणारा उड्यांचा नाच हा अशाच सोहळ्यांतून सुटा काढलेला तुकडा आहे. मसाईंचे असे तीन संस्कार २०१८ सालीं युनेस्कोनें तांतडीनें जपावयाच्या वारशाच्या यादींत घातले.

हे संस्कार क्षीण कां झाले? गुरांना कुरण हवें आणि तेंच मसाईंच्या हातून गेलें. १९०४ च्या करारानें इंग्रज सरकारनें गोऱ्या वसाहतवाल्यांसाठीं त्यांना खचदरींतील उत्तम कुरणांतून हलविलें. १९११ च्या दुसऱ्या करारानें लाइकिपियाहि सोडावयास लावलें. त्याविरुद्ध मसाई न्यायालयांत गेले, पण १९१३ सालीं हरले. पुढें टांगानिकांत १९५९ सालीं सेरेंगेटीचें राष्ट्रीय उद्यान मसाईंपासून मोकळें करण्यांत आलें. ज्या वन्य प्राण्यांसाठीं आपण समुद्र ओलांडतों, त्यांच्याच नांवानें या लोकांचीं कुरणें गेलीं.

तथापि प्रवाशांनीं तिकडे जाऊंच नये, असा याचा अर्थ नव्हे. माराच्या भोंवतालीं २००६ सालापासून अनेक मसाई कुटुंबांनीं आपली जमीन एकत्र करून निवासशिबिरांना भाड्यानें दिली आहे. त्यांना नियमित भाडें मिळतें, आणि प्राण्यांनाहि मोकळें रान राहतें. मण्यांच्या कामावर कित्येक स्त्रियांच्या मुलांचें शिक्षण चालतें. परंतु २०२० सालीं साथीमुळें प्रवासी येईनासे झाले, तेव्हां हा आधार किती नाजूक आहे, हेंहि दिसून आलें. शिवाय वस्तीच्या प्रवेशशुल्कांतील मोठा वाटा गाडीवाले व मध्यस्थच घेतात, ही तक्रार त्या भागांत जुनीच आहे.

म्हणून जाणाऱ्यांनीं एवढें तरी करावें. दिलेले पैसे कोणाच्या हातीं पडतात, हें आधीं विचारावें. माळ करणारणीकडूनच घ्यावी. परवानगीवांचून कोणाचें, विशेषतः मुलांचें, छायाचित्र काढूं नये. आणि नाच संपल्यावर चटकन् न उठतां, यंदा पाऊस कसा झाला, गुरें कशीं आहेत, एवढें तरी विचारावें. पाहुण्यानें यजमानाची विचारपूस करावी, ही रीत कोणत्याहि देशांत जुनी होत नाहीं.