चित्राचे खातेपान

पेढीवर नवा संगणक येतो. जुन्या संगणकावरील कामाच्या फाइली चिरंजीव पेनड्राइव्हवर घेऊन नव्यावर उतरवतात. वडील वर्डमधील खरेदीचा तपशील उघडतात. मजकूर जागच्या जागी असतो, मात्र प्रत्येक बिलाच्या छायाचित्राऐवजी रिकामी चौकट आणि तांबडी फुली दिसते. फाइल हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती पुसली गेली असावी, अशी इंग्रजी सूचनाही सोबत असते.

वडिलांना घोर लागतो, आणि तो अनाठायी नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. एवढ्या अवधीत संगणक एकदा तरी बदलण्याचा संभव असतो.

रोजकीर्द लिहिणाऱ्यास यातील मर्म लगेच उमगेल. रोजकीर्दीत खातेपानाचा एक रकाना असतो. खातेवही नव्याने बांधली, पाने बदलली आणि तो रकाना तसाच राहिला, तर नोंद सापडत नाही. रक्कम मात्र बुडालेली नसते. चित्रांचेही तसेच आहे. वर्डमध्ये चित्र वेगवेगळ्या प्रकारे घालता येते. 'इन्सर्ट' केल्यास चित्र दस्तऐवजातच सामावते; फाइल जड होते, पण कोठेही नेता येते. 'लिंक टू फाइल' केल्यास दस्तऐवजात केवळ चित्राचा पत्ता राहतो. फाइल हलकी राहते, परंतु तो पत्ता सामान्यतः सी ड्राइव्हपासून सुरू होणारा, जुन्या संगणकापुरताच खरा असतो.

दुरुस्ती कठीण नाही. प्रथम दस्तऐवजाची एक प्रत काढावी. चित्रांचे फोल्डरही नव्या संगणकावर आणावे. मग वर्डच्या 'फाइल' विभागातील 'इन्फो' पानावर 'एडिट लिंक्स टू फाइल्स' ही आज्ञा शोधावी. दस्तऐवजात बाहेरील फाइलशी जोडणी असेल तरच ती दिसते. तेथे सर्व पत्त्यांची यादी मिळते. एकेक निवडून 'चेंज सोर्स'ने नवी जागा दाखवावी, 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट' या चौकोनात खूण करावी आणि फाइल जतन करावी. यापुढे चित्र दस्तऐवजासोबतच प्रवास करील.

दुकानाच्या संकेतस्थळासाठी केलेल्या मालाच्या यादीत मात्र चित्रे पानाबाहेरच ठेवण्याचा प्रघात आहे. तेथे पूर्ण पत्ता न लिहिता सापेक्ष पत्ता लिहावा. यादीच्या शेजारीच 'चित्रे' नावाचे फोल्डर असेल, तर 'चित्रे/शालू.जेपीजी' एवढे पुरते. यादी एका आतल्या फोल्डरात हलवली, तर या पत्त्याआधी दोन टिंबे आणि तिरपी रेघ द्यावी. त्याचा अर्थ 'एक पायरी वर जा' असा होतो. शंभर पत्ते बदलावयाचे असल्यास नोटपॅडमधील 'रिप्लेस' ही आज्ञा ते एकाच वेळी बदलते. इंग्रजी नावांतील लहान-मोठी अक्षरे विंडोज एकच मानते, परंतु पुष्कळ सर्व्हर ती वेगळी धरतात. म्हणून नावे सदैव लहान अक्षरांत ठेवावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पडताळणीची. जुन्याच संगणकावर दस्तऐवज दुसऱ्या फोल्डरात हलवून पाहिला, तर चित्रे बहुधा नीट दिसतात, कारण मूळ चित्रे जुन्या जागी असतातच. हे समाधान फसवे असते. खरी कसोटी दुसऱ्या संगणकावर होते. म्हणून पेनड्राइव्ह तेथे लावून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे, आणि तोवर जुना संगणक भंगारात देऊ नये. ताळेबंद जुळल्यावाचून ज्या घरात वही मिटत नाहीत, त्या घराला एवढी सवय जड जाऊ नये.